खेळ चांगला होता, की दिवस?

नव्वदच्या दशकात ज्यांचे बालपण गेले अशी चार माणसे जमली आणि व्हिडिओ गेमचा विषय निघाला, की निकाल आधीच लागलेला असतो. ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ यांच्यासारखे खेळ पुन्हा होणे नाही, आताच्या खेळांत नुसता झगमगाट! मीही त्याच पिढीतला. पण हे विधान खेळांविषयी आहे की आपल्याविषयी, हे तपासायला हवे असे मला वाटते.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली काढला. आपल्याकडे तो बहुतेक घरांत पोचला तो नकली यंत्रांतून. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे. आत मात्र मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. दुसरी कॅसेट हवी तर वाढदिवसाची वाट पाहायची. मग तोच खेळ शेकडो वेळा खेळला जाई. मूळ मारिओ अवघ्या ४० किलोबाइटचा. एवढ्याशा जागेत अख्खी मे महिन्याची सुट्टी मावली, याचे थोडे श्रेय खेळाचे आणि थोडे आपल्या रिकाम्या दुपारींचे. आज हिशेब मांडताना आपण ते सगळेच खेळाच्या नावावर जमा करतो.

जुने खेळ कठीण असत, याचेही कौतुक होते. पण पार्लरमधल्या यंत्रावर गिऱ्हाईक लवकर ‘मरणे’ हे धंद्याच्या सोयीचे होते. त्याशिवाय पुढचे नाणे पडणार कसे? ‘काँट्रा’ही १९८७ साली आधी पार्लरमध्येच आला, घरी नंतर. ज्याला आपण खेळाचा कस म्हणतो, त्यातला काही भाग निव्वळ गल्ल्याचा होता.

शिवाय स्मरणशक्तीची चाळणी मोठी लबाड. अटारी कंपनीने १९८२ साली ‘ई.टी.’ चित्रपटावरचा खेळ जेमतेम पाच आठवड्यांत उरकला. तो इतका पडला की न खपलेल्या कॅसेट पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरल्या गेल्या. २०१४ साली त्या उकरून काढण्यात आल्या. गतकाळाचे गोडवे गाताना हा खड्डा कुणाला आठवत नाही. आपण कालच्या निवडक दहांची तुलना आजच्या सरसकट हजारांशी करतो.

मग सगळे ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून सोडून द्यायचे का? मला तेही पटत नाही. अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ साली मॉस्कोत रचलेला ‘टेट्रिस’ घ्या. त्यात ना गोष्ट, ना नायक. नियम मिनिटभरात कळतात, ताण हळूहळू चढतो आणि हरलो तर चूक आपलीच असते. ज्याला नव्वदचे दशक ठाऊकही नाही, असे दहा वर्षांचे पोरही आज त्यात गुंतते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली पहिले चौदा खेळ संग्रहात घेतले, त्यांत तो होता. उलट ‘डक हंट’ची बंदूक जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवरच चालते, आजच्या सपाट पडद्यावर तिला बदक दिसतच नाही. काही खेळ असे आपल्या काळाला बांधलेले असतात, काही त्यातून सुटतात. हा फरक कारणे देऊन दाखवता येतो.

तो दाखवायला हवा, कारण या स्मरणरंजनाला आता बाजारभाव आला आहे. निन्टेन्डोने २०१६ साली ३० जुने खेळ भरलेले छोटे यंत्र पुन्हा विकायला काढले. दुसरीकडे, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के तिथल्या बाजारात आज मिळत नाहीत, असे २०२३ सालच्या एका पाहणीत आढळले. म्हणजे ज्याच्यामागे हळहळणाऱ्यांची गर्दी, त्याला पुनर्जन्म. ज्याच्यामागे ती नाही, तो कितीही गुणी असला तरी गेला. उद्याच्या मुलांनी काय खेळावे, हे आपला उमाळा ठरवू लागला आहे.

उमाळा खोटा नसतो, पण तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. ‘मला आवडायचा’ एवढे म्हणायला पुरावा लागत नाही. ‘चांगला होता’ म्हणायला लागतो. आणि मुलाच्या हातातल्या नव्या खेळाला नावे ठेवण्यापूर्वी निदान एक डाव त्याच्याबरोबर खेळावा.