क्यूआर कोड मागाहून, आधी ईसीजी

दिग्रसकरांनो, आज जरा कडू बोलतो. राग आला तर येऊ द्या.

आपल्या ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी तोच मेसेज फिरतो. "अमुक भाऊंना अटॅक आला, नागपूरला भरती आहेत, खर्च तीन लाख, सढळ हाताने मदत करा." खाली क्यूआर कोड. आणि दिग्रस देतं, हं! हमाल शंभर टाकतो, व्यापारी पाच हजार टाकतो. घंटीबाबांच्या यात्रेला वर्गणी देणारे हात इथंही मागं राहत नाहीत. लोकांच्या दानतीबद्दल माझा शब्द नाही. माझा राग आहे तो चेक देताना फोटो काढणाऱ्या पुढाऱ्यांवर. एक साधा प्रश्न ते कधी विचारत नाहीत: छातीत दुखायला लागल्यापासून हा माणूस किती तासांनी औषधापर्यंत पोचला?

काऊन विचारायचं? कारण हृदयाची नस गुठळीनं बंद झाली की पुढचा स्नायू रक्तावाचून मरायला लागतो. एकदा मेलेला स्नायू तीन लाखांनीही परत येत नाही.

२००८ साली 'लॅन्सेट'मध्ये 'क्रिएट' नावाचा अभ्यास छापून आला. भारतातली ८९ रुग्णालयं, २० हजारांवर हृदयरुग्ण. अटॅकच्या निम्म्या रुग्णांना दवाखान्यात पोचायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. महिनाभरात गरिबांपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. खरी मेख पुढं आहे. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला की ही तफावत उरत नव्हती. म्हणजे "हे लोक खर्रा खातात म्हणून मरतात" हे आपल्या साहेबांचं आवडतं कारण पुरत नाही. (खर्रा वाईटच आहे, बाप्पा, सोडाच तो.) गरीब मागं पडतो तो उपचारात.

आता आपलं पाहा. यवतमाळ सत्तरेक किलोमीटर, नागपूर दोनशेच्या वर. अरुणावतीच्या काठच्या तांड्यावरचा माणूस आधी "गॅस झाला" म्हणून सोडा पितो, मग गाडी शोधतो. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यायचं आणि मग रुग्ण पुढं पाठवायचा, ही जगभरची मान्य पद्धत आहे. त्याला कॅथलॅब लागत नाही. ईसीजी मशीन लागते, तो वाचणारा डॉक्टर लागतो (ईसीजी मोबाईलवर पाठवून दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञानं वाचला तरी चालतं), मॉनिटर लागतो आणि फ्रीजमध्ये औषध लागतं. स्ट्रेप्टोकायनेज हे त्यातलं जुनं औषध काही हजारांत येतं. सगळ्यांना ते चालत नाही, ते डॉक्टर ठरवेल. पण औषधच नसेल तर डॉक्टर ठरवणार काय?

आणि तीन लाख कशाचे गोळा करता? अँजिओप्लास्टी, बायपास महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहेत. आता कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, तातडीच्या वेळी फोनवरूनही मंजुरी मिळते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, ही मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली लावलेली योजना आहे. क्यूआर कोड छापायच्या आधी पुढाऱ्यानं आरोग्यमित्राला एक फोन केला, तर हमालाचे शंभर रुपये हमालाजवळच राहतील. योजनेत न बसणारा खर्च असतोच: गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी. वर्गणी त्यासाठी करा, मी पहिला देतो.

२९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन येईल. चौकात फ्लेक्स लागेल, त्यावर सतरा चेहरे आणि कोपऱ्यात एक लाल हृदय. शिबिरात बीपी मोजतील, आकडा चिठ्ठीवर लिहून देतील आणि संपलं. ज्याचा बीपी वाढलेला निघाला त्याला पुढच्या महिन्याची गोळी कोण देणार, हे कोणी सांगत नाही.

म्हणून सोमवारी सकाळी ११ वाजता सरकारी दवाखान्यात लेखी अर्ज घेऊन जातोय. चार प्रश्न आहेत. रात्री दोन वाजता ईसीजी निघतो का? तो कोण वाचतं? गुठळीचं इंजेक्शन आज साठ्यात किती आहे? मागच्या वर्षभरात किती जणांना दिलं? उत्तर काहीही येवो, जसंच्या तसं इथं टाकीन. सह्या करायला या, आणि ज्या साहेबांचे फोटो फ्लेक्सवर असतात त्यांनाही घेऊन या.