सुवर्णयुगाचे ऋण

नारायण पेठेतील बहुतेक जुने वाडे गेले, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या; पण या इमारतींच्या खिडक्यांतून ऐकू येणारी गाणी पुष्कळदा वाड्यांच्याच काळातील असतात. जुन्या गीतांच्या कार्यक्रमांना सभागृहे भरतात आणि मध्यंतरात एक उद्गार हमखास कानी पडतो: आता पूर्वीसारखी गाणी होत नाहीत! या उद्गारामागील प्रेमाविषयी आम्हांस आदर आहे. त्यातील निवाडा मात्र तपासून घेतला पाहिजे.

ज्या काळास आपण सुवर्णयुग म्हणतो, तो काळ तेव्हाच्या सर्वच जाणत्यांना तसा वाटत नव्हता. १९५२ साली केंद्रीय नभोवाणी मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कैवारी. चित्रपटगीते त्यांना हीन अभिरुचीची वाटत, आणि त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी रेडिओ सिलोनचा आश्रय घेतला. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला लोकरुचीपुढे नमते घ्यावे लागले. ‘बैजू बावरा’ १९५२ चा आणि ‘प्यासा’ १९५७ चा, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निवाड्याची किंमत कळते. शिवाय त्या काळातील सुमार गाणी काळानेच गाळून टाकली आहेत. आजची मात्र निवडल्याविना आपल्या कानांवर आदळतात. ही तुलना न्याय्य नव्हे.

तथापि जुन्याची ओढ हा केवळ भ्रम आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चा प्रारंभ झाला. ग. दि. माडगूळकरांनी लिहावे, सुधीर फडके यांनी स्वरबद्ध करावे आणि आठवड्यास एक नवे गीत श्रोत्यांपुढे यावे, असा क्रम वर्षभर चालला व छप्पन गीते सिद्ध झाली. प्रतिभा त्या दोघांची खरी. पण तिला काम सांगणारी संस्था होती, ठरलेली वेळ होती, वादक-गायक होते आणि रेडिओभोवती जमणारे घर होते. ओसरली असेल तर ही व्यवस्था ओसरली आहे.

गुणवत्ता आटलेली नाही. ‘झिंगाट’ ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी २०१६ च्या त्याच ‘सैराट’मध्ये अजय-अतुल यांनी योजलेला भव्य वाद्यमेळ कान देऊन ऐकावा. चित्रपटाला भांडवल असते, म्हणून ते साधते. चित्रपटाबाहेरील नव्या भावगीताच्या पाठीशी कोण उभे आहे? नवी गाणी चांगली होत नाहीत अशी तक्रार करणारा रसिक तिकीट काढतो ते मात्र जुन्याच गाण्यांचे. मग तरुण कवीने लिहावे कोणासाठी?

आमची सूचना साधी आहे. जुन्या गीतांच्या प्रत्येक मैफलीत निदान दोन नवी गीते, कवी व संगीतकार यांची नावे सांगून, सादर व्हावीत. आयोजकांनी त्यांस योग्य मानधन द्यावे आणि श्रोत्यांनी त्या वेळी चहासाठी उठू नये. माडगूळकर आणि फडके हेही एके काळी नवेच होते. त्या वेळी ज्यांनी त्यांना मन लावून ऐकले, त्या श्रोत्यांचे ऋण आपल्यावर आहे. जुनी ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा लावून ते फिटणारे नाही.