आधी नीट पाहा, मग लिहा

ओडिशातील चिल्का सरोवरात बेरहामपूर विद्यापीठाच्या संशोधकांना काही वर्षांपूर्वी कोळंबीसारखा एक इवलासा कवचधारी जीव सापडला. लांबी सुमारे 8 मिलीमीटर, पायांच्या 13 जोड्या. ओडिया भाषेच्या सन्मानार्थ त्याचे नाव ठेवले ‘पारहायाले ओडियन’.

नावाचे कौतुक झाले. भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र त्यामागचे वर्णन मोठे वाटते. नवी प्रजाती नुसती सापडून भागत नाही. जवळच्या प्रजातींहून ती कुठे वेगळी, हे एकेक अवयव पाहून लिहावे लागते. ज्या नमुन्यावरून लिहिले तो जपून ठेवतात, म्हणजे पुढे कोणालाही पडताळता येतो.

प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांत नाव रोमन लिपीत हवे, पण वर्णन अमुकच भाषेत हवे अशी सक्ती नाही. मराठी-उर्दू माध्यमाच्या मुलांना भाषा आडवी येत नाही. आडवी येते ती गाइडमधून ‘पावसाळ्यातील एक दिवस’ उतरवण्याची सवय.

सेलूला समुद्र नाही, दुधना आहे. तिथला खेकडा वर्गात ठेवावा, दहा वाक्ये लिहायला सांगावीत. ती वाचून दुसऱ्या मुलाला चार खेकड्यांतून तोच ओळखता आला, तर पूर्ण गुण द्यावेत.