दहा नंबरची पिन का उभी राहते?

तिसऱ्या गेममध्ये बॉल बरोबर पॉकेटमध्ये जातो, पण उजव्या हाताने खेळणाऱ्याची दहा नंबरची पिन जागची हलत नाही. तिला पाडायला हवी ती सहा नंबरची पिन गटारात आडवी पडून राहते. असे दोन-तीनदा झाले की खेळाडू ठरवूनच टाकतो, की बॉल वळत नाही, जास्त हूकचा बॉल काढायला हवा. मग पिशवीतला सर्वांत खरखरीत सॉलिड बाहेर येतो आणि मार आणखी मवाळ बसतो. हा गैरसमज ड्रिलर आणि प्रशिक्षक दोघांनाही दूर करता येतो. दोघेही फारसे करत नाहीत, म्हणून हे लिहावे लागते आहे.

फाऊल लाइनपासून हेड पिनपर्यंतच्या 60 फुटांत बॉल आधी घसरतो, मग वळतो आणि शेवटी नुसता लोळतो. लोळू लागला की वळण संपले. ताज्या तेलावर हा क्रम जमून येतो. पण रिॲक्टिव्ह बॉल तेल शोषतो आणि ज्या बोर्डांवरून सगळे खेळतात तो पट्टा सुकत जातो. तिसऱ्या गेमपर्यंत तोच बॉल बाणांच्या थोडे पुढेच घर्षण पकडतो आणि पगार पहिल्या आठवड्यात उडवणाऱ्यासारखा पिनांपाशी रिकाम्या हाताने पोचतो. पॉकेटमध्ये शिरताना सुमारे 6 अंशांचा कोन मिळावा अशी अपेक्षा असते. तो कोन इथे मिळत नाही. आपल्याला दिसते ते शेवटचे सरळ जाणे. आधी झालेली उधळपट्टी नजरेतून सुटते.

अशा वेळी बॉल कमी पकडणारा हवा. पॉलिश केलेला पर्ल काढा, किंवा बॉल तोच ठेवून पाय आणि नेम दोन्ही डावीकडे, शिल्लक तेलात न्या. दुसरी गोष्ट फुकट आहे, म्हणून आधी तीच करावी.

उलट परिस्थितीही असते. पहिल्याच गेममध्ये, भरपूर तेलावर, बॉल घसरतच राहून हेड पिनच्या उजवीकडे हलका लागत असेल, तर मात्र खरखरीत सॉलिडच हवा. शेजारी कोणी युरेथेन खेळत असेल तर तेही बघावे. युरेथेन तेल फारसे शोषत नाही, लेनवर पुढे ढकलतो, आणि कोरड्या असलेल्या शेवटच्या भागात तेल जाते. म्हणजे एकच पिन उभी राहते, पण कारणे परस्परविरोधी. कितवा गेम आहे, जोडीला कोण खेळते आहे आणि बॉल नेमका कुठे वळू लागला, ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय पिशवीला हात लावू नये.

स्पर्धेच्या पॅटर्नवर तेलाची लांबी आधी विचारावी. लांबीतून 31 वजा केले की बॉल साधारण कोणत्या बोर्डावरून वळावा ते कळते. 40 फुटांवर नववा बोर्ड. हा ठोकताळा आहे, पण पहिल्या फ्रेमपुरता पुरतो. मॉलमधल्या सेंटरवर लांबी कोणी सांगणार नाही. तिथे मेकॅनिकला तेल कधी मारले एवढे विचारले तरी पुष्कळ.

आता ड्रिलरमंडळींना. कॅटलॉगमधला हूकचा आकडा बघून बॉल विकू नका. ताशी 30 किलोमीटरने टाकणारा आणि 24 ने टाकणारा यांच्या हातात तोच बॉल दोन वेगळे बॉल असतात. गिऱ्हाइकाचा वेग आणि रेव्ह रेट मोजा, मगच कोअरची भाषा करा. 1 ऑगस्ट 2020 पासून यूएसबीसीच्या (युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या) नियमांत बॅलन्स होल बंद आहे, त्यामुळे चुकीचा बॉल भोक पाडून सावरून घेण्याची एक वाट गेली. शिवाय यूएसबीसीच्या बॉल मोशन अभ्यासात पृष्ठभागाचा खरखरीतपणा सर्वांत प्रभावी घटकांत निघाला होता. म्हणून नवा बॉल मागायला आलेल्याला आधी 500 आणि 4000 चे पॅड द्या आणि जुनाच बॉल दोन्ही पृष्ठभागांवर टाकायला लावा. धंदा थोडा बुडेल, हे मान्य. मात्र स्पर्धा सुरू झाल्यावर पॅड लावता येत नाही, तेव्हा पृष्ठभागाचा निर्णय सरावातच घ्यायला शिकवा.

आणि नवा बॉल घ्यायचाच असेल, तर ज्याच्याकडे प्लॅस्टिकचा नाही त्याला आधी तोच घ्यायला सांगा. उभी राहिलेली दहा नंबरची पिन त्या सरळ जाणाऱ्या बॉलनेच काढायची आहे, आणि तिथे लेनवर तेल किती उरले याने फारसा फरक पडत नाही.