सुरीखाली सापडणारा क्षय

क्षय झालेली म्हैस जिवंतपणी बहुधा धडधाकटच दिसते. रोग उघडा पडतो तो कत्तलखान्यात, फुफ्फुसे आणि छातीतल्या गाठी चिरल्यावर. आत घट्ट, पिवळट पू असतो. कधी गाठ चुन्यासारखी कडक झालेली असते. पशुवैद्यक असे मांस बाद करतात. पण ज्या कामगाराच्या हातांतून ते आधीच गेलेले असते, त्याला ती गाठ कशाची, हे सांगण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. हे अक्षम्य आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्याने मुंबईतल्या देवनारसारख्या कत्तलखान्यात मोठे जनावर म्हणजे म्हैस किंवा रेडा. दाटीच्या गोठ्यात वर्षे काढून आटलेली म्हैस अखेर इथेच येते. जनावराचा क्षय माणसाला जडतो तो श्वासातून, कच्च्या दुधातून आणि हातावरच्या जखमेतूनही. दूध उकळण्याच्या सवयीने आपली घरे बरीचशी वाचवली. सुरी चालवणाऱ्याला तसे कवच नाही. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १ लाख ४० हजार लोकांना जनावरांकडून आलेला क्षय झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

या क्षयाचा मुख्य जंतू, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, पायराझिनामाइड या नेहमीच्या औषधाला मुळातच दाद देत नाही. सरकारी केंद्रांतली जीनएक्स्पर्ट चाचणी क्षय पकडते, पण तो माणसाचा की जनावराचा, हे सांगत नाही. म्हणून खोकत आलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी ‘काम काय करता?’ हे विचारलेच पाहिजे आणि तो खाटीक असेल तर जंतूची जात ओळखणारी पुढची तपासणी करून घेतली पाहिजे.

गाई-म्हशींचा क्षय २००९ च्या पशुरोग नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीत आहे. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्लाही असतो. बाद झालेल्या फुफ्फुसासोबत तो क्रमांक पशुसंवर्धन खात्याकडे गेला, तर मूळ गोठ्यातल्या उरलेल्या म्हशी तपासता येतील. त्याच दिवशी क्षयरोग विभागाला कळवले, तर कामगारही तपासता येतील. हातमोजे, मास्क आणि वर्षाला एक एक्स-रे हा कोणत्याही महापालिकेला न परवडणारा खर्च नव्हे.

खरी अडचण मजुरीची आहे. नगावर पैसे मिळणारा माणूस खोकला लपवतो, कारण निदान झाले की काम जाते. क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकारकडून मिळणाऱ्या महिना १,००० रुपयांत घर चालत नाही. कत्तलखाना चालवणाऱ्या पालिकेने अशा कामगाराला, त्याची थुंकी जंतुमुक्त होईपर्यंत, पूर्ण मजुरी द्यावी आणि बरा झाल्यावर त्याचे काम त्यालाच मिळेल, हे लेखी द्यावे.