इतिहासात मूल किती पुढे गेले?

दहावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, हे आता ठरून गेल्यासारखेच आहे. 2024 मध्ये राज्याचा निकाल 95.81 टक्के लागला, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या कोकण मंडळाचा 99.01 टक्के. त्यामागे मुलांचे आणि शिक्षकांचे खरे कष्ट आहेत. पण नववीच्या जूनपासून दहावीच्या परीक्षेपर्यंत आपली मुलगी इतिहासात नेमके काय शिकली, असे एखाद्या आईने विचारले, तर शाळेला गुणांचा आकडा दाखवण्यापलीकडे काही करता येत नाही.

दहावीचे पाठ्यपुस्तक मात्र चांगले आहे. 2018 पासून लागू झालेल्या या पुस्तकात सनावळ्यांची जंत्री नाही. सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरांपासून होते; पुढे प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन यांवर प्रकरणे आहेत. साधने तपासा, प्रश्न विचारा, असे हे पुस्तक सांगते. परीक्षेत मात्र 40 गुणांच्या पेपरात चुकीची जोडी ओळखायची, संकल्पनाचित्र पुरे करायचे, टीपा लिहायच्या. रांके या जर्मन इतिहासकाराने मूळ कागदपत्रांवर भर दिला, हे वाक्य मुले गाईडमधून पाठ करतात आणि गुण मिळवतात. त्यांतल्या बहुतेकांनी एकही मूळ कागद हातात धरलेला नसतो.

रत्नागिरीत तर साधनांची उणीव नाही. ब्रह्मदेशाचा थिबा राजा 1885 च्या युद्धात हरला, इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवले आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याचा राजवाडा आजही उभा आहे. समजा, नववीच्या सुरुवातीला मुलांना विचारले, ‘थिबाला रत्नागिरीतच का ठेवले असेल?’ बहुतेक जण लिहितील, ‘इंग्रजांनी त्याला हरवले म्हणून.’ दीड वर्षाने तोच प्रश्न पुन्हा दिला, तर शिकलेले मूल युद्ध आणि हद्दपारी यांतला फरक करील. पदच्युत राजा त्याच्या प्रजेपासून दूर का हवा होता, हे मांडील. त्या काळी रेल्वे नसलेल्या, बोटीने गाठायच्या या गावाचा विचार करील. आणि ही माहिती इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांतली आहे, राजाच्या माणसांची बाजू कुठे सापडेल, असेही विचारील. आजच्या पद्धतीत या दोन उत्तरांत फार तर एखाद्या गुणाचा फरक पडेल. इतिहासातली प्रगती मात्र या दोन उत्तरांच्या मधल्या अंतरातच आहे.

कातळशिल्पे तर याहून चांगली कसोटी. उक्षी, कशेळी, बारसू इथल्या सड्यांवरच्या या खोदचित्रांचा 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. कशेळीच्या सड्यावर भला मोठा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृती. सोबत लेख नाही, सन नाही. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी कोरली, यावर अभ्यासकांचेही एकमत नाही. अशा ठिकाणी नेलेले मूल ‘मला दिसते ते’ आणि ‘मला वाटते ते’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहू शकते का? पाठांतर इथे उपयोगी पडत नाही. बारसूच्या सड्यावरच्या नियोजित रिफायनरीवरून वाद पेटला तेव्हा जतनाचा प्रश्नही पुस्तकातून थेट अंगणात आला होता.

हे मोजायचे कुठे? जागा आहे. सामाजिक शास्त्रांच्या 100 गुणांपैकी 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. पण या गुणांचा इतिहास फारसा बरा नाही. 2019 मध्ये अंतर्गत गुण काढले आणि राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर घसरला; त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, हे खरे. पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल 95.30 टक्क्यांवर गेला. अंतर्गत गुण सढळ हाताने वाटले जातात, हे उघड गुपित आहे. पहिली ते आठवीच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचेही तेच झाले. ‘आवडीने ऐकतो’, ‘गटात सहभागी होतो’ अशा वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरतात.

इंग्लंडनेही ठेच खाल्ली आहे. तिथे मुलाला इतिहासात एक ते आठ असे स्तर दिले जात. मूल काय शिकले यापेक्षा त्याचा स्तर कोणता यालाच महत्त्व आले आणि 2014 मध्ये ती पद्धत मोडीत काढावी लागली. तेव्हा नवा तक्ता नको.

शिक्षक म्हणतील, वर्गात साठ मुले, त्यात निवडणुकीची कामे आणि रोज भरायची ऑनलाइन माहिती, यात हे कधी करायचे? त्यांचे म्हणणे रास्त आहे, म्हणून अपेक्षाही लहानच ठेवावी. नववीच्या सुरुवातीला एका स्थानिक साधनावर एक पानभर उत्तर, दहावीच्या जानेवारीत तसेच दुसरे, आणि दोन्ही एकाच फाइलमध्ये. जिल्ह्यातल्या इतिहास शिक्षकांनी वर्षातून एकदा एकत्र बसून काही उत्तरे मिळून तपासावीत, म्हणजे चिपळूणचे आठ गुण आणि राजापूरचे आठ गुण एकाच मापाचे राहतील. निकालाची काळजी नसलेल्या कोकण मंडळाला हा प्रयोग येत्या जूनपासूनच करता येईल, आणि पालकसभेत ती दोन पाने आईसमोर ठेवता येतील.