दुकान कुठे मांडायचे? खोताच्या जमिनीवर की आपल्या ओट्यावर?

किहीमच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते, तेव्हा चार पैसे दिसतात. पावसाळा लागला की किनारा रिकामा. आपल्या वस्तीतली एक ताई कापडी पिशव्या शिवते, कोकम आगळ आणि मसाला करते. तिने विचारले, "दादा, ऑनलाईन कुठे विकू?" भोवतीच्या पोरांनी लगेच ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो अशी नावे घेतली. कोणते ॲप मोठे, यावरच वाद रंगला. बाजार कोणाच्या मालकीचा, हे कोणीच विचारले नाही.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला, तेव्हा 'केसरी'ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला. दार दुसऱ्याचे असले की आत कोणाला घ्यायचे तेही तोच ठरवतो. म्हणूनच पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला.

दुसरा धडा आपल्याच अलिबाग तालुक्यातला. चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील त्या संपाचे नेते होते. बाबासाहेबांनी संपाला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. घाम कुळाचा, वाटा मात्र खोत ठरवणार, हे त्या भांडणाचे मूळ होते.

आजचे मोठे ॲप काय करते? कमिशन तेच ठरवते, तेच वाढवते. तुमचा माल पहिल्या पानावर की विसाव्या, तेही तेच ठरवते. 'शून्य कमिशन' म्हणणाऱ्याकडेही पोहोचवण्याचा खर्च, परत आलेल्या मालाचा भुर्दंड आणि जाहिरातीचे पैसे असतातच. गिऱ्हाईक तुमचे, पण त्याचा फोन नंबर तुम्हाला मिळत नाही. ही नवी खोतीच आहे. फरक एवढाच की इथून उठून जाता येते. पण आपली गिऱ्हाइके सोबत असतील तरच.

मग तिथे विकायचेच नाही का? विकायचे. आपल्या हातचा मसाला गावात किती घरे विकत घेतात, हे आपल्याला ठाऊक आहे. दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचायची ती एक वाट आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता तिथेही दाखवावा लागतो. आडनाव वाचून मागे फिरणारा तिथेही भेटेल. त्याच्यासाठी आपण नाव बदलायचे नाही.

पण हिशेब करून जा. पिशवी हलकी, न फुटणारी. ती ॲपवर परवडेल. आगळाची बाटली जड. पोहोचवण्यातच नफा जाईल. ती किनाऱ्यावर आलेल्या पाहुण्याला द्या, त्याचा नंबर वहीत लिहा आणि पुढची मागणी व्हॉट्सॲपवर घ्या. जीएसटी नोंदणी नाही म्हणून अडू नका. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवायही ॲपवर माल विकता येतो. अट अशी की पॅनवर नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि आपल्याच राज्यात विकायचे. आपले गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचेच आहे, मग अडचण कुठे?

आणि एका बाजाराचे नाव कोणीच घेतले नाही: सरकारी खरेदीचे 'जेम' पोर्टल. केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल लघुउद्योगांकडून घ्यायचा, त्यातला ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, असे २०१२ चे धोरण सांगते. किहीमच्या शेजारी थळला आरसीएफचा कारखाना आहे. तीही केंद्र सरकारचीच कंपनी. अशा कचेऱ्यांना पिशव्या, फायली, गणवेश लागतात. आपण तिथे विक्रेते म्हणून नोंदलेलेच नसू, तर ४ टक्के कोणाकडून घेणार? "आमच्या लोकांकडे माल नाही" हे उत्तर आपणच त्यांच्या हाती देतो.

त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती फुकट आहे. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढा. १९९० पासून बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, हे कचेरीत ठणकावून सांगा. एकटीला मोठी मागणी झेपत नसेल, तर वस्तीतल्या दहा बायांचा गट करा.

ताईला मी एवढेच सांगितले: ॲपवर जा, पण कूळ होऊन राहू नकोस. वही आपली ठेव, नाव आपले ठेव आणि कायद्याने दिलेला वाटा सोडू नकोस. वस्तीवस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी या महिन्यात निदान एका घराची उद्यम आणि जेमची नोंदणी करून द्यावी. जयंतीच्या मिरवणुकीइतकेच हेही चळवळीचे काम आहे.

जय भीम!